बाधित कोण?

दिवाळीचे आकाशकंदील लोकांनी अजून उतरवलेले नसतात, आणि बायपासवरून ट्रॅक्टर जायला लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीत पत्रे, बांबू, ताडपत्री, उलटी बांधलेली खाट, पिशवीतून मान बाहेर काढून बघणारी कोंबडी, आणि या सगळ्याच्या वर माणसं. बाया पदराचं टोक दातात धरून बसलेल्या, लेकरं जिथं जागा मिळेल तिथं खोचलेली. ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्णा आणि त्यात जोरजोरात गाणं. सकाळी फिरायला निघालेले आम्ही पुंडलिकनगरातले लोक कडेला थांबतो, धूळ खाली बसू देतो आणि पुन्हा चालायला लागतो. माझ्यासोबतच्या बाई दरवर्षी म्हणतात, "चालले बघा ऊसतोडीला." दरवर्षी मी "हो" म्हणते. नंतर त्या मेथीच्या भावावर येतात.

मला हिवाळा आवडायचा. खरं तर आमच्या या शहरात माणसाला आवडावा असा तेवढा एकच ऋतू वाट्याला येतो. उन्हाळ्यात आम्ही नळाच्या पाण्याची वाट बघतो, पावसाळ्यात पावसाची वाट बघतो, आणि हिवाळ्यात कशाचीच वाट बघावी लागत नाही. बोरं येतात, पेरू येतात, कुणाच्या तरी शेतावरून हुरड्याचं बोलावणं येतं. उन्हाकडे पाठ करून बसलं की आयुष्य बरं चाललंय असं वाटायला लागतं. आता तसं वाटत नाही. एका हिवाळ्यानं माझे सगळे हिवाळे खराब करून टाकले. त्याला काही वर्षं झाली, तरी ट्रॅक्टरचा कर्णा ऐकला की मी ट्रॉलीतली लेकरं मोजायला लागते.

त्या हिवाळ्यातलं मला सगळ्यात आधी काय आठवतं, तर कोर्टाच्या आवारातलं ऊन. कडुनिंबाच्या फांद्यांतून गाळून आलेलं, काळ्या कोटांवर पडलेलं. त्या कोटांना नॅप्थलीनचा आणि घामाचा मिळून एक वास येतो, तोही आठवतो. चहाच्या कपावर साय धरेपर्यंत आम्ही बसून असायचो. आत भिंतीवरच्या पडद्यावर सुनावणीला आलेल्या प्रकरणांचे आकडे बदलत राहायचे आणि आमचा आकडा यायचा नाही. काळे सर मधूनच उठून बघून यायचे आणि जागेवर बसताना म्हणायचे, "अजून लांब आहे." मला वाटतं, हे वाक्य त्या संपूर्ण हंगामाचं ब्रीदवाक्य म्हणून कुठंतरी कोरून ठेवायला हरकत नव्हती.

काळे सर म्हणजे आमच्या गल्लीतले शेजारी. वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर होते, म्हणून कुणीतरी सर म्हणायला लागलं आणि तेच राहिलं. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. अशी आणखी पाच-सहा रिकामी, पण स्वस्थ बसता न येणारी डोकी मिळून आमची समिती झाली होती. शाळेबाहेर राहिलेली मुलं शोधायची, त्यांना शाळेत घालायचं, आणि घातल्यावर ती तिथं टिकतात का ते बघायचं, एवढंच काम. नातेवाईक त्याला नसती उठाठेव म्हणायचे. रविवारी काळे सरांच्या गच्चीवर बैठक व्हायची आणि त्यांच्या घरून पोहे यायचे.

या समितीचा एक नियम होता आणि त्याचा आम्हाला भारी अभिमान होता. समितीला अध्यक्ष नाही, सचिव नाही, नोंदणी नाही, कुणाचंही नाव पुढं नाही. हा नियम अनुभवातून आला होता. आमच्यातले बहुतेक जण आधी दुसऱ्या एका मंडळात होते आणि ते मंडळ एका फ्लेक्सपायी फुटलं होतं. वृक्षारोपणाच्या फ्लेक्सवर उपाध्यक्षांचा फोटो कोषाध्यक्षांच्या फोटोपेक्षा लहान आला, आणि लावलेली झाडं जगली की मेली हे बघायला पुढं कुणी राहिलंच नाही. शहरातल्या प्रत्येक चौकात टांगलेले ते हात जोडलेले चेहरे बघून आम्हाला वीट आला होता. म्हणून आम्ही ठरवलं की काम करायचं आणि नाव कुणाचंच नाही. केवढे मोठे झालो होतो आम्ही स्वतःच्या नजरेत! आणि नेमकं तेच आम्हाला बुडवणार होतं.

चितेगावच्या पुढं पैठण रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं. निम्मं गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं. मुलांची आबाळ होऊ नये म्हणून तिथल्या शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं. नाव भारदस्त, प्रत्यक्षात शाळेचीच एक खोली, दोन मोठी पातेली, काही सतरंज्या आणि स्वयंपाकाला आणि रात्री सोबतीला गावातलीच एक बाई. आईबाप गेले तरी लेकरं गावात राहायची, दोन वेळा जेवायची आणि शाळा बुडायची नाही. त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर वरून आदेश आला. त्या भागातली मुलांची संख्या कमी आहे, सबब वसतिगृहं बंद. बातमी कळली तशी मी आणि काळे सर गावात गेलो.

शाळेतल्या आमच्या येण्याजाण्यानं ओळखीच्या झालेल्या आशाबाईंच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा धम्मचक्र दिनाचे निळे झेंडे गल्लीत तसेच होते. त्या गल्लीतले लोक तो दिवस झाला की दुसऱ्याच दिवशी निघायची तयारी करतात. आशाबाई अंगणात बसून तिखटाची पुडी बांधत होत्या. मी आदेशात काय आहे ते सांगितलं. त्यांनी पुडीला गाठ मारली आणि म्हणाल्या, "संख्या कमी म्हंजे काय ओ मॅडम? मपली तर एकच हाय. ती कमीच दिसन."

ती एक म्हणजे दीक्षा. सहावीत होती. फार हुशार होती, असं मी म्हणणार नाही. गणितात तिची दांडी उडायची आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं होतं. पण तिच्याइतकी भांडकुदळ मुलगी मी शिक्षकी आयुष्यात पाहिली नाही, आणि मला भांडकुदळ मुली आवडतात. तिनं तिथंच आईशी वाद मांडला. "मला ठिवून जा ना. मी करीन मपल्या हातानं भाकरी. येतात मला."

"आन रातच्याला? एकल्या पोरीला घरात ठिवून जाऊ व्हय मी?"

"मंग तू नको जाऊ."

आशाबाईंनी दुसरी पुडी बांधायला घेतली. दीक्षा माझ्याकडे वळली. "तुमी सांगा ना मॅडम त्यांला. ज्यानी आदेश काढला त्यांला." तिला वाटत होतं, आदेश काढणारा माणूस कुठंतरी खुर्चीवर बसलेला असतो आणि शाळेतल्या बाईंनी त्याला दोन शब्द सुनावले की तो ऐकतो. मी म्हणाले, "सांगते." हे मी मनापासून म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला आणि पत्रे, बांबू, खाट यांच्याबरोबर दीक्षाही गेली.

त्या रविवारी गच्चीवर ठरलं की कोर्टात जायचं. शेख वकील आमच्यासाठी फी न घेता उभे राहायला तयार झाले. जुन्या शहरातले, जाड भिंगांचा चष्मा, मराठी फर्डी आणि वैतागले की दखनी. याचिका टाइप करायला बसलेल्या मुलीनं विचारलं, "संस्थेचे अध्यक्ष?" आम्ही म्हणालो, नाहीत. "सचिव?" तेही नाहीत. "नोंदणी क्रमांक?" काळे सरांनी तिला आमचा नियम समजावून सांगितला, अगदी कौतुकानं. ती टाइप करायची थांबली आणि वकीलसाहेबांकडे बघायला लागली. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "मॅडम, ये तो बहोत अच्छी बात है. लेकिन कोर्ट पूछेगा, तुम कौन?"

मी म्हणाले, "आम्ही म्हणजे लोक."

"हौ," ते म्हणाले. "वही तो." आणि एक सदस्य म्हणून माझी सही घेतली.

आमचा आकडा पडद्यावर आला तेव्हा जेवणाच्या सुट्टीला थोडाच अवकाश होता. आतलं बोलणं इंग्रजीतून, भरभर. मी वयाच्या मानानं इंग्रजी बरं समजणारी बाई, तरी शेवटच्या बाकावर पंख्याच्या आवाजात मला तुकडेच ऐकू आले. सरकारी वकील तरुण होते, नम्र होते. त्यांनी वसतिगृह बंद करणं योग्य की अयोग्य याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांचा मुद्दा एवढाच, की हे याचिकाकर्ते कोण? संस्था म्हणावी तर नोंदणी नाही, घटना नाही, कुणी कुणाला अधिकार दिल्याचा ठराव नाही. बाधित म्हणावं तर यांचं एकही मूल त्या शाळेत नाही. मग यांना दाद मागायचा हक्क कुठून आला? न्यायाधीशांनी शेख वकिलांकडे पाहिलं. चेहरा कठोर वगैरे काही नव्हता. माझ्या शाळेतले एक मुख्याध्यापक असेच दिसायचे. बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी आम्हाला मराठीत सांगितलं ते असं, "तुमची कळकळ दिसते आहे, म्हणाले. पण बाधित कोण? आईबाप का आले नाहीत? त्यांना घेऊन या."

मी म्हणाले, "आईबाप ऊसतोडीला गेलेत. तीच तर तक्रार आहे. ते इथं असते तर वसतिगृह कशाला लागलं असतं?"

"वो मैंने बोला ना मॅडम. तरी पण आणा म्हणाले. मुदत दिली आहे."

त्या दिवशी मी घरी रिक्षानं न जाता चालत आले. रस्ताभर एकच विचार. आपल्याकडे बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई मावशी होते, भाजीवाला मामा होतो, नळ दुरुस्त करणारा दादा. नातं जोडल्याशिवाय आपण पत्तासुद्धा विचारत नाही. इतक्या नात्यांच्या मुलखात एका मुलीच्या शाळेबद्दल विचारायला गेले तर मी तिची कोणीच निघाले नाही. आणि कोर्ट चूक आहे असंही मला छातीठोकपणे म्हणता येईना. उद्या कुणीही उठेल आणि कुणाच्याही नावानं दावा ठोकेल. नावासाठी, सूड म्हणून, वर्तमानपत्रात फोटो यावा म्हणून. अशी माणसं मी पाहिली होती, त्यांच्याच फ्लेक्सला कंटाळून आम्ही आमचा नियम केला होता. दारावर कुणीतरी उभं असलं पाहिजे आणि आत येणाऱ्याला विचारलंही पाहिजे. फक्त ज्याला खरंच आत जायचं आहे तो तीनशे मैलांवर उसात वाकलेला आहे, एवढं एक दारावरच्याला कसं कळावं? रागवायला माणूस सापडला असता तर बरं झालं असतं. कुणीच वाईट नसलं की राग आतच सडतो.

आम्ही आईबापांना शोधायला निघालो. एसटी, मग दुसरी एसटी, मग साखर कारखान्याच्या अलीकडे एका जीपमध्ये मागं लटकून. हवेला मळीचा आंबूस वास होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती आणि मध्येच तोडलेलं रान, उघडं बोडकं. तळावर कोप्या होत्या. कोपी म्हणजे बांबू वाकवून त्यावर उसाचं वाळकं पाचट आणि ताडपत्री टाकलेली, आत जाताना माणसाला दुमडावं लागेल अशी झोपडी. दुपारची वेळ, तळावर मोठं माणूस कुणी नव्हतं. एका कोपीपुढं दीक्षा बसली होती. कुणाचं तरी शेंबडं पोर मांडीवर, समोर चूल, आणि परातीत पीठ. आम्हाला बघून ती उठली नाही, कारण हात पिठाचे होते. तिनं विचारलं, "मॅडम, सहामाही झाली का?"

झाली होती. मी तिला पेपर कसे होते ते सांगितलं. तिनं मराठीचा निबंध कोणता आला ते विचारलं आणि मी सांगितल्यावर म्हणाली, "ते मला आलं आसतं." मग मांडीवरच्या पोराचं नाक आपल्या ओढणीनं पुसलं.

आशाबाई आणि त्यांचे मालक विलासभाऊ फडात होते. फड म्हणजे ऊस तोडायचं शेत. विलासभाऊ तोडत होते आणि आशाबाई मोळ्या बांधत होत्या. मुकादमाच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. हातांवर पाचटाचे बारीक ओरखडे, पापण्यांवर काजळीसारखी धूळ. आम्ही बांधावर बसून सगळं सांगितलं. वकीलपत्रावर सही हवी, आणि एक प्रतिज्ञापत्र हवं, ते तालुक्याला जाऊन साहेबासमोर शपथेवर करायचं.

विलासभाऊंनी विचारलं, "त्यात काय लिव्हायचं?"

काळे सर म्हणाले, "जे आहे ते. वसतिगृह बंद झालं म्हणून मुलीला सोबत आणावं लागलं, ती इथं आहे, शाळेत जात नाही."

"म्हंजे आमीच लिवून द्यायचं, का आमची पोरगी हितं उसात हाय म्हून?" ते हसले, पण ते हसणं खरं नव्हतं. "उद्या पोलीस आले, का बाबा लेकराला कामाला लावलं, तर तव्हा तुमची समिती येईन का? मुकादम तर दुसऱ्याच दिशी हाकलून देईन."

आपण बाधित आहोत हे सिद्ध करायचं तर आपण गुन्हेगार आहोत असं आधी लिहून द्यावं लागेल, हे त्या माणसाला एका मिनिटात दिसलं होतं आणि आम्हाला गच्चीवर बसून महिनाभर दिसलं नव्हतं. आशाबाई उसाच्या मोळीवर बसून ऐकत होत्या. त्यांनी हात लुगड्याला पुसले आणि म्हणाल्या, "आणा इकडं. मी करते सही."

"आशे, डोकं फिरलं का?"

"पोरगी रोज भांडती माझ्यासंगं. माझे कान पार किटलेत. करते मी." आणि त्यांनी केली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची सही, एकेक अक्षर सुटं. तालुक्याला यायचं मात्र जमेना. त्या दिवशी कारखान्याची गाडी भरायची होती, दुसऱ्या दिवशीही भरायची होती, आणि खाडा केला तर मुकादम विलासभाऊंवर धावून आला असता. आम्ही थांबतो म्हणालो. आशाबाई म्हणाल्या, "किती दिस थांबताल? हितं रोज तेच हाय." निघताना त्यांनी आम्हाला उसाच्या कांड्या दिल्या. परतीच्या एसटीत त्या कांड्या मांडीवर घेऊन काळे सर बसून राहिले होते, खाल्ल्या नाहीत आणि टाकल्याही नाहीत.

पुढचं सांगायला फार नाही. नुसतं वकीलपत्र पुरेना. शपथेवरचं म्हणणं कुठं आहे, असं विचारलं गेलं. शेख वकिलांनी मुदत मागितली, मिळाली. मग नाताळची सुट्टी. मग एकदा आमचा आकडा येता येता कोर्ट उठलं. मग सरकारी वकिलांनी मुदत मागितली, तीही मिळाली. सगळ्यांना मुदत मिळत होती. संक्रांतीचे तिळगूळ झाले, शाळेचं गॅदरिंग झालं. मी तारखेला जायचे आणि त्याच कडुनिंबाखाली बसायचे. झाडाची पानं पिवळी पडून गळायला लागली होती. एकदा शेख वकील माझ्याशेजारी येऊन बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "मेरी अम्मा भी कहती है, तेरे को क्या करना है रे? तुला काय करायचंय? आता कोर्ट पण तेच विचारतंय." आम्ही दोघं हसलो. त्या हंगामातलं तेवढंच एक हसू मला आठवतं.

होळी झाली आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे ऊस संपला आणि तोडही संपली. ट्रॅक्टर उलटे येऊ लागले. आणि नेमका तेव्हा आमचा आकडा वेळेवर आला. मला वाटलं, आता आशाबाई गावात येणार, आता शपथ घ्यायला कुणाची परवानगी लागणार नाही, आता तर आत जाता येईल. पण आतलं काम एवढं चटकन उरकलं की मी चष्मा लावेपर्यंत पुढचा आकडा पुकारला गेला. हंगाम संपला, तेव्हा आता या याचिकेत उरलंय काय? याचिका निकाली. पुढं कधी पुन्हा असा प्रश्न आला तर बाधितांनी यावं, त्याची मोकळीक राहील.

"लिबर्टी दी है मॅडम," शेख वकील म्हणाले. त्यांनी ते इतक्या थकलेल्या आवाजात सांगितलं की मला त्यांच्या आईची आठवण झाली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

मी खचले. हे साध्या शब्दांत सांगितलेलं बरं. लोक विचारायचे, "पुढं काय करणार?" आणि मला हसू यायचं. पुढच्या दसऱ्याला तसाच नवा आदेश निघाला आणि आम्हाला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहायचं होतं. यावेळी शहाणपणानं जायचं, समिती रीतसर नोंदवायची, असं गच्चीवर ठरलं. त्यासाठी पदाधिकारी हवेत. अध्यक्ष कोण यावर दोन बैठका झाल्या. ज्या माणसांनी वर्षानुवर्षं नाव नको म्हणून काम केलं, तीच माणसं एकमेकांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायला लागली. तिसऱ्या बैठकीला पोहे आले आणि तसेच गार झाले. काळे सरांनी हळूहळू गच्चीचा जिना चढणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले. आम्ही भांडूनसुद्धा वेगळे झालो नाही. नुसते रविवारी एकमेकांकडे जाईनासे झालो. तो नियम आम्ही मोडला नसता तर कोर्टात टिकलो नसतो, आणि मोडायला गेलो तर आम्हीच टिकलो नाही.

आता कधीतरी उन्हात बसले की वाटतं, आम्ही मुळात कोण होतो? आमचं काहीच गेलं नाही. माझं पेन्शन चालू राहिलं, हिवाळ्यात पेरू मिळत राहिले. बाधित नाही, हे म्हणणं कागदोपत्री अगदी खरं होतं. मग मला रात्री झोप का येत नव्हती, आणि दसरा आला की अजूनही माझी भूक का मरते, हे कुणाला कुठल्या कलमाखाली सांगायचं? दुसऱ्याचं दुःख आपल्याला लागतं ही गोष्ट माणसं रोज अनुभवतात. शाळेत आम्ही तिच्यावर निबंध लिहून घ्यायचो आणि चांगला लिहिला तर पैकीच्या पैकी मार्क द्यायचो. मी स्वतः असे कितीतरी निबंध तपासले आहेत. लाल पेन घेऊन, मान डोलवत. ती सगळी मुलं आता मोठी झाली असतील आणि त्यांना कळलं असेल की बाईंनी उगाच मार्क दिले होते.

या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन आठवडा झाला नसेल, चितेगावला माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते, तिच्याकडे गेले होते. परत यायला रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते, तर थोडं पुढं ट्रॅक्टर थांबलेला. ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं होतं. पुरुष चाकाशी खटपट करत होते आणि बाया खाली उतरून झाडाच्या सावलीत बसल्या होत्या. त्यातली एक उठली आणि माझ्याकडे येऊ लागली. कडेवर तान्हं मूल, गळ्यात काळी पोत, अंगावर नवी कोरी साडी, घडीच्या रेषा न मोडलेली.

"मॅडम, वळखलं का?"

ओळखलं. ती उंच झाली होती आणि गालफडं वर आली होती, पण बोलायच्या आधी हनुवटी पुढं काढायची लकब तीच होती. दीक्षा. मनात तिची वर्षं मोजली, ती अठराच्या अलीकडेच अडली, तशी मोजायची थांबले.

"शाळा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"सातवीला नाव होतं. मंग नाय गेले." तिनं ट्रॅक्टरकडे मान वळवली. चाकाशी बसलेल्या एका कोवळ्या मिशीच्या पोराकडे बोट केलं. "ते आमचे मालक. आता आमचा बी येक कोयता हाय." तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. बायका नव्या घराबद्दल सांगतात तसं सांगितलं. कडेवरचं मूल मुलगी होती. मी तिच्या गालाला बोट लावलं, तर तिनं बोट धरून तोंडात घालायचा प्रयत्न केला. हातात काहीतरी द्यावं म्हणून मी पर्स चाचपली. पर्समध्ये एक नोट होती, ती मी लेकराच्या मुठीत कोंबली. मग आई कशी आहे ते विचारलं.

"आई हाय बरी. पाठीनं आता तोड व्हत नाय तिच्यानं." मग ती एकदम जवळ आली आणि आवाज खाली आणून बोलली, जणू आम्हा दोघींचं काही गुपित होतं. "मॅडम, आई सांगती मला, आपली केस चालू हाय म्हून. लगीन ठरलं तव्हा मी लई रडले, तव्हाबी म्हणली, गप, केस चालू हाय, मॅडम हाईत तिथं, आज ना उद्या निकाल लागंन. दर साली सांगती, तारीख पडली म्हून."

आशाबाईंना निकाली म्हणजे काय ते मी स्वतः जाऊन सांगितलं होतं, त्यांच्याच अंगणात बसून. त्यांना चांगलं कळलं होतं.

चाक बसलं असावं. कुणीतरी हाक मारली, बाया उठून पदर झटकायला लागल्या. दीक्षानं मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "मपलं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पर हिला शाळंत घालायला लई टाइम हाय अजून. तवर तर लागंन ना मॅडम निकाल?"

त्या केसबद्दल काहीही सांगायचा हक्क या जगात कुणाला असेल तर तो मला होता. माझी सही होती त्यावर.

"लागेल," मी म्हणाले.